‘बुद्धिमत्ता’ हा शब्द प्राण्यांना लावावा का?

‘चिंपांझीची बुद्धिमत्ता चार वर्षांच्या मुलाइतकी असते’ या वाक्यातील ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द प्राण्याला लावणे योग्य आहे का, की तेथे ‘सहजप्रवृत्ती’ म्हणावे, अशी पृच्छा आहे. माझ्या मते ‘बुद्धिमत्ता’ निर्दोष आहे. वाक्यात खटकते ते ‘इतकी’.

‘बुद्धी’ हा शब्द ‘बुध्’ या संस्कृत धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थ जागे होणे, जाणणे असा आहे. मुळात तो कळण्याच्या शक्तीचा वाचक आहे, आणि ती शक्ती माणसाचीच असली पाहिजे असे त्यात कोठेही अभिप्रेत नाही. मात्र बुद्ध्यंक काढण्याची पद्धत रूढ झाल्यापासून ‘बुद्धिमत्ता’ या शब्दाला मोजमापाचा वास लागला आहे, आणि प्रश्नकर्त्याचा संकोच बहुधा त्यातूनच आला असावा. ‘कुत्रा हुशार आहे’ असे म्हणताना कोणीच अडखळत नाही.

‘सहजप्रवृत्ती’ हा ‘बुद्धिमत्ते’चा सौम्य पर्याय नव्हे, ते वेगळ्याच गोष्टीचे, म्हणजे न शिकता जन्मतःच अंगी असलेल्या वर्तनाचे, नाव आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांनी १९३८ मध्ये वर्णिलेली करड्या हंसाची मादी घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे चोचीने आत ओढते, आणि ते अंडे मध्येच काढून घेतले तरी ओढण्याची क्रिया शेवटपर्यंत पुरी करते. येथे ‘सहजप्रवृत्ती’ हाच शब्द हवा. याउलट, नळीतील लहानशी बादली वर काढण्यासाठी सरळ तार वाकवून आकडा करणाऱ्या बेटी या न्यू कॅलेडोनियन कावळ्याच्या मादीची कृती, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा, बुद्धीचा नमुना मानली गेली. पुढे त्याच जातीचे रानातून पकडलेले कावळेही काटक्या वाकवतात असे आढळले, त्यामुळे त्या कृतीत उपजत किती आणि सुचलेले किती हा वाद उरलाच. गंमत अशी, की मराठीने ‘उपजतबुद्धी’ असा शब्द घडवून हे दोन्ही पक्ष आधीच एकत्र नांदवले आहेत.

आता ‘इतकी’कडे वळू. हे विशेषण दोन्हीकडे एकच माप असल्याचे गृहीत धरते. क्योटो विद्यापीठातील आयुमू या चिंपांझीला पडद्यावर पाच अंक सुमारे ०.२ सेकंद दाखवून झाकले, तरी तो त्यांच्या जागा चढत्या क्रमाने दाखवत असे, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच्या मागे पडले. (भरपूर सराव केल्यावर माणसेही त्याची बरोबरी करू शकतात, असे नंतर दिसून आले.) चार वर्षांच्या मुलाला हे जमणे कठीण; पण तेच मूल पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये दिवसभर रचत असते, आणि ते कोणत्याही चिंपांझीला साधलेले नाही. एकात जास्त, दुसऱ्यात कमी अशा दोन गोष्टींची बेरीज ‘इतकी’ या एका शब्दात कशी मांडणार?

म्हणून ते वाक्य ‘काही ठरावीक चाचण्यांत चिंपांझी चार वर्षांच्या मुलाची बरोबरी करतो’ असे लिहावे, आणि शक्य तर ती चाचणी कोणती हेही सांगावे. जाता जाता, प्रश्नात दोन ठिकाणी ‘बुद्धीमत्ता’ असे लिहिले आहे; ‘बुद्धी’ एकटी आली की दीर्घ, परंतु ‘बुद्धिमत्ता’ आणि ‘बुद्धिमान’ यांत ‘द्धि’ ऱ्हस्व.