होल्मियमचा डोस एमआरआयवरून काढताना उपचारापूर्वीचे स्कॅन हवेच

यकृतातल्या गाठींवर आतून किरणोत्सार देण्यासाठी होल्मियम-१६६ या किरणोत्सारी धातूचे सूक्ष्म कण सोडतात; यकृताच्या ज्या भागात ते सोडलेच नव्हते, तिथेही तुमच्या एमआरआयच्या गणिताने डोस दाखवला आणि स्पेक्टमध्ये (शरीरातून बाहेर येणारा किरणोत्सार टिपणाऱ्या स्कॅनमध्ये) मात्र तो भाग रिकामा आला, असे तुम्ही लिहिले आहे. नेदरलँड्समधल्या एका प्रकल्पात आम्हीही याच जागी अडलो होतो. तुमच्या वर्णनावरून मला तरी लोहाचा संशय येतो.

होल्मियममुळे एमआरआयचा संकेत लवकर विझतो, तसाच तो यकृतात साठलेल्या लोहामुळेही विझतो. म्हणून उपचारापूर्वी त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने मोजलेला ऱ्हासदर, म्हणजे संकेत विझण्याचा वेग, वजा केल्याशिवाय होल्मियमचा आकडा हाती येत नाही. १.५ टेस्लावरचा (टेस्ला हे यंत्राच्या चुंबकाच्या ताकदीचे एकक) दर ३ टेस्लावरच्या दरातून वजा करणे निरर्थक आहे.

आमचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले. रुग्णालयाच्या प्रतिमा-संग्रह विभागाने उपचारापूर्वीच्या स्कॅनमधल्या वेगवेगळ्या एकोंच्या (एकामागून एक क्षणांना टिपलेल्या संकेतांच्या) प्रतिमा पुसून टाकल्या आणि अहवालापुरती चित्रे तेवढी ठेवली. विचारणा केल्यावर "निदानाला एवढे पुरते" असे उत्तर मिळाले. कण एकदा यकृतात गेले की ते स्कॅन पुन्हा काढता येत नाही. आजारी माणसाने यंत्रात श्वास रोखून दिलेले माप कोणी न विचारता पुसून टाकावे, याचा मला आजही संताप येतो. म्हणून मूळ प्रतिमांची प्रत त्याच दिवशी, रीतसर परवानगीने, स्वतःकडे घ्या. निरोगी भागाचा सरासरी दर सगळीकडे वापरावा, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण गाठीतले लोह आणि भोवतालच्या यकृतातले लोह सारखे नसते.

आणखी एक गोष्ट तपासा. एमआरआयला धातू दिसतो, किरणोत्सार दिसत नाही. अर्धायुष्य २६.८ तासांचे असल्याने पंधरवड्याने किरणोत्सार जवळजवळ संपलेला असतो, पण प्रतिमा तशीच काळी दिसते. त्यामुळे होल्मियमच्या दर मिलिग्रॅममागची सक्रियता (किरणोत्साराचे प्रमाण) कण सोडल्याच्या वेळेचीच धरा. १ किलो ऊतीत समान पसरलेल्या १ गिगाबेकरेल (सक्रियतेचे एकक) मधून एकूण सुमारे १५.९ ग्रे (ऊतीने शोषलेल्या डोसचे एकक) डोस मिळतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत संपूर्ण यकृतासाठी ६० ग्रे ही मर्यादा ठरली होती, हे लक्षात घेतले तर लोहामुळे दिसणारा खोटा डोस किरकोळ मानता येत नाही.

कण फार दाट साचले असतील तिथे पहिल्या एकोआधीच संकेत नाहीसा होतो आणि आकडा उलट कमी येतो. तिथे मी स्पेक्टवर अधिक विसंबतो. मी डॉक्टर नाही, माझे काम गणिताचे आहे. रुग्णाच्या डोसचा निर्णय उपचार करणाऱ्या चमूनेच घ्यावा.