फोर-व्हीलचा दिवा आणि बॅटरीचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केळीच्या बागेपर्यंत कच्चा रस्ता आहे, म्हणून ऑल-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना ताकद देणारी) एसयूव्ही घेतली. थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारला की ऑल-व्हील ड्राइव्ह, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि हिल-होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी) असे तिन्ही दिवे एकदम लागतात. थोडं चालवून गाडी बंद करून परत चालू केली की जातात. गॅरेजवाले ऑल-व्हील ड्राइव्हचं कंट्रोल युनिट (यंत्रणा चालवणारा छोटा संगणक) बदला म्हणतात. बॅटरी चार वर्षांची आहे. बदलावं का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : इतक्यात नको. तीन वेगवेगळ्या यंत्रणा सहसा एकाच सकाळी बिघडत नाहीत. बहुधा त्या तिघींना मिळणारी वीज कमी पडते. सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्ट खाली येतात. ते साधारण ९-१० च्या खाली गेले की कंट्रोल युनिटं आपापला दोषाचा कोड नोंदवून काम थांबवतात. मागच्या डिफरन्शियलजवळच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याजवळच्या) कपलिंगला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाला, करंट मिळाला नाही, तर बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांची ताकद तुटते आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. म्हणजे स्कॅनरवर (कोड वाचणाऱ्या यंत्रावर) ज्या युनिटचं नाव येतं ते तक्रार करणारं असतं, दोषी असेलच असं नाही. स्कॅनरमध्ये फ्रीज फ्रेम उघडायला सांगा. कोड पडला त्या क्षणी व्होल्ट किती होते हे बऱ्याच गाड्यांत तिथे दिसतं.

मग मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आता मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीवर) ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. साधा मीटर संथ असतो, खालचा झोका त्याच्या नजरेतून सुटतो. आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही तेच आलं तर बॅटरी गेली. जळगाव-भुसावळकडचा ४५ अंशांचा मे महिना बॅटरीच्या प्लेटा खातो, पण ते समजतं डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा इंजिन ऑइल घट्ट असतं आणि सेल्फला जास्त करंट लागतो.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. हेडलाइट, एसी आणि ब्लोअर लावूनही आकडा फार घसरू नये. एक अपवाद लक्षात ठेवा. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असलेल्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गरजेप्रमाणे व्होल्ट कमी-जास्त करतो. तिथे काही वेळ १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवायला घेऊ नका. अशा गाडीत चार्जरचा काळा चिमटाही टर्मिनलवर लावू नये, बॉडीच्या अर्थिंगवर लावावा. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरनं करावी लागते.

बॅटरी ठीक निघाली तर अर्थिंग तपासा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. वायर उघडून ओहम मोजले की मीटर शून्य दाखवतो आणि सगळं छान वाटतं. पण एकच तार शिल्लक असलेली वायरही शून्यच दाखवते. तपासणी करंट वाहत असतानाच करायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचं थिंबल (टोकाची रिंग) खराब आहे. हेडलाइट लावून बॅटरीपासून बॉडीपर्यंत मोजा, तिथे ०.१ पेक्षा जास्त नको. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीपासून अल्टरनेटरच्या जाड वायरपर्यंत असंच मोजा.

एवढं झाल्यावरच कंट्रोल युनिटकडे जा. त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून वीज देणाऱ्या आणि अर्थच्या पिनांत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब भरपूर पेटला तर वायरिंग ठीक. मीटरवर १२ दिसतात आणि बल्ब मिणमिणतो, तर मध्ये कुठेतरी सांधा सडलाय. हा बल्ब सिग्नलच्या किंवा ५ व्होल्टच्या वायरवर लावू नका, युनिट जळेल. मीटरची जाड टोकंही पिनांत कोंबू नका, पिना फाकतात आणि नवा दोष तयार होतो. आणखी एक गोष्ट. कपलिंगच्या कॉइलला युनिट करंट तुटक-तुटक देतं, त्यामुळे तिथे मीटरवर ३-४ व्होल्ट दिसणं नेहमीचंच. त्यावरून युनिट खराब ठरवू नये.

प्रश्न : आमच्या पिकअपला बटणावर चालणारं फोर बाय फोर आहे. पावसाळ्यात तोरणमाळकडे नेली, चिखल-पाण्यातून गेली. आता ४एल (फोर-व्हीलचा लो गिअर) लावलं की दिवा नुसता लुकलुकतो, गिअर पडत नाही. कधी कधी रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टिकटिक आवाज येतो.
— एक वाचक, शहादा

उत्तर : लुकलुकणं म्हणजे यंत्रणेनं प्रयत्न सुरू केला, पण तो पूर्ण झाला नाही. ४एल साठी गाडी पूर्ण उभी, गिअर न्यूट्रल आणि क्लच दाबलेला लागतो. हे पाळूनही तसंच होत असेल तर ट्रान्सफर केसवरची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावरची) छोटी मोटर पाहा. रिले टिकटिकतो आणि मोटर खर्र करत नाही, म्हणजे हुकूम पोचतोय, पण ताकद पोचत नाही किंवा मोटर अडकलीय. बटण फिरवताना मोटरच्या कपलरवर मोजा. तिथे ११.५ च्या वर व्होल्ट येत असूनही हालचाल नसेल, तर मोटर किंवा आतला शाफ्ट अडकलाय. व्होल्ट ७-८ वर कोसळत असतील तर दोष वायरिंगचा. हिशेब साधा आहे : मोटर १५ अँपिअर ओढते असं धरा, सांध्यात ०.२ ओहम अडथळा असेल, तर ३ व्होल्ट तिथेच गेले.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. कपलरच्या सीलभोवती ती आठवडाभर ओली राहते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. पोझिशन सेन्सरच्या पिनांत पाणी गेलं तर मोटर फिरली तरी युनिटला जागा चुकीची दिसते. कपलर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हवा मारून सुकवा आणि रबर सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. डिझेल किंवा रॉकेलनं धुऊ नका, रबर फुगतं. घाट उतरून लगेच वॉशिंग सेंटरलाही नेऊ नका. तापलेल्या डब्यांवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते.

प्रश्न : कापसाच्या गोदामाशेजारी गाडी उभी असते. उंदरांनी वायरी कुरतडल्या. वायरमननं जोडून दिल्या, पण आता 'यू'नं सुरू होणारे कोड येतात आणि ऑल-व्हील बंद.
— एक वाचिका, चाळीसगाव

उत्तर : 'यू' म्हणजे युनिटांचं आपसातलं बोलणं तुटलं. हे बोलणं कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवर चालतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाच मिनिटं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. ६० हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर एका टोकाकडची वायर तुटलेली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही एकमेकींना चिकटल्यात. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (संदेश पुढे पाठवणारं मधलं युनिट) असतो, तिथे थेट ऑल-व्हील युनिटच्या कपलरवर मोजावं.

वायरमनच्या जोडाकडेही नीट पाहा. या दोन वायरींचा पीळ सोडवून सरळ जोडल्या की बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि कोड अधूनमधून येत राहतात. सोल्डर करा, हीटश्रिंक स्लीव्ह चढवा, दोन्ही जोड एकासमोर एक न ठेवता थोडे मागेपुढे घ्या आणि पीळ पुन्हा तसाच द्या. नुसती टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो.

प्रश्न : पुढचे दोन टायर नवे टाकले आणि लगेच ऑल-व्हीलचा दिवा लागू लागला. वायरिंग तपासावं का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. नवा आणि झिजलेला टायर यांचा घेर वेगळा, म्हणून पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात. युनिटला ती घसरण वाटते, कपलिंग सतत गुंतून तापतं आणि शेवटी यंत्रणा स्वतःला बंद करते. आधी चारही टायरांचा साइज आणि हवा जुळवा. झीज फार वेगळी असेल तर चारही टायर एका मापाचे घ्यावे लागतील.