‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकून काहीच वाटलं नाही. जॅझ माझ्यासाठी नाही का?

इतक्यात निकाल देऊ नका. ‘जगातला सर्वोत्तम जॅझ अल्बम’ म्हणून लावला की माणूस पहिल्या मिनिटापासून चमत्काराची वाट बघत बसतो. माइल्स डेव्हिसच्या या अल्बमचं १९५९ चं संगीत तर स्वभावानेच शांत आहे.

त्यातली फक्त ‘सो व्हॉट’ ही रचना घ्या, हेडफोन लावून. पियानो आणि बासची संथ सुरुवात झाली की पॉल चेंबर्सचा बास मुख्य धून वाजवतो आणि बाकीचे वादक दोनच सुरांत त्याला उत्तर देतात. मग माइल्सचा ट्रंपेट सुरू होतो. अगदी त्याच वेळी ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो, त्याचा नाद कसा पसरतो ते ऐका! माइल्स मोजके सूर घेतो, मध्ये भरपूर जागा सोडतो. त्याच्यामागून येणारा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन मात्र ओसंडून वाहतो. रागसंगीताची सवय असेल, तर बराच वेळ त्याच स्वरांत रमणं तुम्हाला परकं वाटणार नाही.

तरीही नाही रुचलं, तर ड्रमर आर्ट ब्लेकीचा ‘मोनिन’ हा अल्बम लावा. शीर्षकधून सवाल-जवाबासारखी चालते, आणि ली मॉर्गनचा ट्रंपेट ऐकून पाय आपोआप ठेका धरतो. नवख्याला मी खरं तर हाच आधी सुचवतो. कोल्ट्रेनचा ‘असेन्शन’ हा अल्बम आत्ता नको. अकरा वादक, जवळपास चाळीस मिनिटं. मला अतिशय प्रिय आहे, पण पहिल्या आठवड्यात तो ऐकून लोक पळून जातात.