स्टँड एकच हवा की चार? नाशिककरांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात "तुमच्या शहरातल्या बसस्टँडबद्दल लिहा" असं म्हटलं होतं तर पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी नाशिकची निघाली. म्हणून या वेळचं पान नाशिकलाच देतोय. सोलापूर, कोल्हापूर, अमरावतीवाल्यांनी पण वाचा, दुखणं थोड्याफार फरकानं तेच आहे.

प्रश्न : नमस्कार सर, मी सिन्नरहून रोज नाशिकला शिकवायला येते. आमच्याकडे स्टँड किती ते बघा, जुनं सीबीएस (सेंट्रल बस स्टँड), ठक्कर बाजार, मेळा, महामार्ग, पंचवटीत निमाणी, वर नाशिकरोड वेगळंच. पाहुण्यांना कुठं उतरायचं हे फोनवर समजावताना नाकी नऊ येतात. हे सगळे बंद करून शहराबाहेर हायवेला एकच भव्य टर्मिनस का बांधत नाहीत? गावातली गर्दी पण कमी होईल.
– एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : ताई, तुमचा वैताग शंभर टक्के खरा आहे पण उपाय मला पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

आधी हे बघा की सीबीएसला उतरणारा माणूस नेमका कुठं जातो. जिल्हा कोर्ट तिथंच, कलेक्टर ऑफिस तिथंच, त्र्यंबक नाक्याला सिव्हिल हॉस्पिटल. सुरगाणा, पेठ, कळवणहून जो सकाळच्या साध्या गाडीनं येतो त्याची कोर्टाची तारीख असते, नाहीतर सातबाऱ्याचं काम असतं, नाहीतर घरातलं कोणीतरी सिव्हिलला अॅडमिट असतं. तो उतरतो आणि चालत जातो. स्टँड हायवेला नेला की त्याच माणसाला जाता-येता रिक्षा करावी लागणार आणि एसटीच्या तिकिटाएवढे पैसे तिथंच जाणार. आणि गर्दी कमी होईल म्हणता, तर एका एसटीतली चाळीस-पन्नास माणसं हायवेला उतरून पंधरा-वीस रिक्षांनी गावात आली तर रस्त्यावर गाड्या वाढल्या की कमी झाल्या?

चेन्नईत हे नुकतंच झालंय. कोयंबेडूचा मोठा स्टँड शहरात होता, दक्षिणेकडं जाणाऱ्या गाड्या तिथून हलवून किलंबाक्कमला नवीन टर्मिनसला नेल्या, 30 डिसेंबर 2023 ला त्याचं उद्घाटन झालं. इमारत उत्तम आहे, पण जागा मध्य शहरापासून सुमारे 30 किलोमीटर, आणि शेजारून लोकलची लाइन जात असूनही उद्घाटनाच्या वेळी तिथलं रेल्वे स्टेशन तयार नव्हतं. पोराबाळांना, सामानाला घेऊन रात्री उतरलेल्या लोकांनी जो संताप केला तो सगळ्या पेपरांत आला.

मग गावातला स्टँड भरलेला का दिसतो? कारण तो स्टँड कमी आणि पार्किंग जास्त असतो. गाडी फलाटाला लागते, माणसं उतरतात, आणि मग ड्रायव्हर-कंडक्टरची विश्रांती, पुढच्या फेरीची वेळ, नाहीतर मुक्कामी गाडी, असं करत ती तिथंच उभी राहते. हिशोब साधा आहे. एका फलाटावर गाडी दहा मिनिटं उभी राहिली तर तासाला पाच-सहा गाड्या सुटतात, अर्धा तास उभी राहिली तर दोन. म्हणजे तीच जागा, तेच फलाट, आणि काम तिपटीनं कमी. मोक्याच्या जागेवर फक्त चढ-उतार व्हावी, उभं राहायचं ते आगारात जाऊन. एवढं जरी शिस्तीत झालं तरी नवीन जागेची मागणी निम्मी होईल असं माझं ठाम मत आहे.

आणि एक स्टँड हवाच असेल तर ताई, तो आत्ताच अर्धा तयार आहे. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार आणि मेळा हे तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपण त्यांना तीन स्टँड म्हणतो कारण मधलं अंतर चालण्यासारखं ठेवलेलं नाही. कुठल्याही शहरात स्टँडच्या गेटवर काय असतं ते आठवा, गेटातून एसटी वळून बाहेर पडतेय, त्याच तोंडाशी रिक्षा आडव्या, फुटपाथवर रसाची गाडी आणि मोबाईल कव्हरवाले, पुढं फुटपाथ संपतो आणि गटारीचं झाकण वर आलेलं, रस्ता ओलांडायला दुभाजकाच्या जाळीतली लोकांनीच वाकवलेली एक फट. दोन पिशव्या आणि कडेवर पोर असलेली बाई तिथून कशी जाईल? हे तीन-चारशे मीटर सलग, सावलीचे, दिव्यांचे, पाट्या लावलेले करा, तिन्हींना एकच नाव द्या, फलाटांना एकापासून सलग नंबर द्या, की पाहुण्याला फोनवर "सीबीएस, फलाट 23" एवढं सांगून भागेल. मुंबईकडच्या गाड्यांचा महामार्ग स्टँड मात्र वेगळाच राहू द्यावा, फक्त तिथून सीबीएसला सतत फिरणारी सिटी बस पाहिजे.

प्रश्न : सर, मी त्र्यंबक रोडच्या कॉलेजला जाते आणि राहते भगूरला. कॉलेज ते सीबीएस एक बस, मग नाशिकरोड, मग भगूर. बसमध्ये बसण्यापेक्षा वाट बघण्यातच जास्त वेळ जातो. सगळ्या बस एका जागी मिळतील असं मोठं हब झालं तर हे सुटेल का?
– विद्यार्थिनी, भगूर

उत्तर : नुसत्या इमारतीनं नाही सुटणार बाळा, टाइमटेबलनं सुटेल, आणि खरं सांगतो, हब म्हणजे माझ्या मते पन्नास टक्क्यांहून जास्त टाइमटेबलच.

समज प्रत्येक बस अर्ध्या तासानं आहे. दोन बसच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या नसतील तर कधी बस लगेच मिळेल, कधी डोळ्यांदेखत निघून जाईल, सरासरी पंधरा मिनिटं धर. तुला दोनदा बदलायचंय म्हणजे अर्धा तास फुकट, येताना परत अर्धा. आता असं कर की सीबीएसला आणि नाशिकरोडला, दोन्हीकडं येणाऱ्या सगळ्या बस पंचावन्न आणि पंचवीसच्या सुमाराला पोचतील, पाच मिनिटं सगळ्या एकदम उभ्या, आणि मग सगळ्या एकदम सुटतील. कुठूनही ये, कुठंही जा, पाच-सात मिनिटांत बदली. एकही नवीन बस घेतली नाही आणि रोजची पस्तीस-चाळीस मिनिटं वाचली. स्वित्झर्लंडनं 1982 पासून आख्ख्या देशाची रेल्वे या तत्त्वावर चालवलीय, दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि जंक्शनला सगळ्या एकमेकींना भेटणार.

यात अट एकच, पण कडक आहे. दोन हबमधलं अंतर ठरलेल्या वेळात कापलं गेलं पाहिजे. सीबीएस ते नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर, आणि मध्ये द्वारका चौक. तिथं आज पाच मिनिटं जातील की वीस हे कोणी सांगू शकत नाही, आणि तोपर्यंत कितीही सुंदर टाइमटेबल छापा, उपयोग शून्य. म्हणून हबचा पहिला रुपया सीबीएसच्या काचेच्या छतावर न घालता द्वारकेला बससाठी वेगळी लेन आणि सिग्नलला बसला आधी सोडणं यावर घालावा असं मी प्रत्येक ठिकाणी सांगत आलोय.

रेल्वे गावाबाहेरून गेली हे नाशिकचं जुनं दुखणं आहे. इंग्रजांच्या काळात 1889 च्या सुमाराला मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली होती, ती याच कारणासाठी. नंतर 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये मेट्रो निओसाठी (रबरी टायरांवर चालणारी हलकी मेट्रो) 2,092 कोटी जाहीर झाले. ती होईल तेव्हा होईल, तुझं कॉलेज तोपर्यंत संपेल, त्यामुळं बसच्या वेळा जुळवणं हे याच वर्षी व्हायला पाहिजे.

प्रश्न : भाऊ, मी रिक्षा चालवतो. हब झालं की आधी आम्हालाच हाकलतात, सगळीकडं तेच बघितलंय. आमचा विचार कोण करतं?
– रिक्षाचालक, पंचवटी

उत्तर : दादा, ज्या आराखड्यात रिक्षाला जागा नाही तो आराखडा पहिल्या आठवड्यातच कोलमडतो, कारण रिक्षा गेटवर येणारच, माणूस तिथंच उतरतो. त्यामुळं रिक्षास्टँड आतच पाहिजे, उतरणाऱ्या फलाटाच्या बाजूला, एकामागं एक रांग, पुढचा भरला की सुटला. शेअर रिक्षांच्या रांगा वेगळ्या, वर पाटी, सातपूर, अंबड, गंगापूर रोड, आणि भाडं लिहिलेलं. मीटरचा आग्रह प्रवासी धरणार आणि तो धरायलाच पाहिजे, तिथं मी तुमची बाजू घेणार नाही. पण उभं राहायची हक्काची जागा, पाणी आणि संडास हे तुमचं मागणं रास्त आहे आणि ते नकाशा कागदावर असतानाच मागून घ्या, नंतर कोणी देत नाही.

प्रश्न : स्टँडच्या जागेवर खाजगी विकसकाकडून मॉल आणि खाली स्टँड, म्हणजे एसटीचा खर्च वाचेल, ही कल्पना तुम्हाला कशी वाटते?
– एक व्यापारी, शालिमार

उत्तर : एसटीकडे पैसा नाही आणि जागा सोन्याची आहे, त्यामुळं हा विचार येणारच, मी त्याच्या विरोधात नाही. पण बीओटीवर, म्हणजे विकसकानं बांधायचं, काही वर्षं चालवायचं आणि मग परत द्यायचं या बोलीवर, झालेले स्टँड बघितलेत का? बऱ्याच ठिकाणी रस्त्यालगतचा दर्शनी भाग दुकानांना गेला आणि प्रवासी मागच्या अंधाऱ्या बोळातून आत शिरतो. माझी अट अशी की तळमजला आणि रस्त्याचं तोंड प्रवाशाचं, दुकानं वरच्या मजल्यावर, आणि फलाटाच्या मधे खांब येणार नाहीत. बारा मीटरची गाडी वळायला जागा लागते, खांबांची जाळी बिल्डरच्या पार्किंगप्रमाणे आखली की ड्रायव्हर दिवसभर मागं-पुढं करत बसतो आणि सगळा स्टँड तुंबतो.

दुसरं, मालक कोण? जागा एसटीची, रस्ता महापालिकेचा, सिटीलिंक ही शहर बससेवा महापालिकेच्या परिवहन कंपनीची, जी जुलै 2021 पासून चालू आहे, आणि स्टेशन रेल्वेचं. कोचीनं वैट्टिला भागात मोबिलिटी हब केलं तेव्हा त्यासाठी वेगळी सोसायटीच काढली. 2011 मध्ये आधी बस एकत्र आल्या, 2019 ला मेट्रो शेजारी आली, 2023 ला तिथूनच वॉटर मेट्रोची बोट सुटायला लागली. बारा वर्षं एकाच जागेवर एकेक जोडत गेले कारण जागा राखून ठेवली होती आणि राखणारं कोणीतरी होतं. दहा लाखांवरच्या शहरांत असं एकत्र प्राधिकरण असावं हे केंद्राच्या 2006 च्या धोरणातच आहे. नाशिकची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 14 लाख 86 हजार होती, मग अजून कशाची वाट बघतोय?

प्रश्न : आम्हा म्हाताऱ्यांना पुलावर चढवू नका एवढंच सांगायचं आहे.
– आजी, वय 78, इंदिरानगर

उत्तर : आजी, तुमचं एका ओळीचं पत्र मी जपून ठेवलंय. स्कायवॉक आणि भुयारी मार्ग हे माणसासाठी नसतात, खालून गाड्या न थांबता जाव्यात म्हणून असतात. द्वारकेला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केला, लोकांनी वापरलाच नाही, अजून जीव मुठीत धरून वरूनच जातात. स्टँडसमोर जमिनीवरूनच ओलांडायचं, सिग्नल पाहिजे आणि तुमच्या चालीनं ओलांडून होईल एवढा वेळ पाहिजे.

उतार द्यायचा तर बाराला एक, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्याहून उभा उतार व्हीलचेअर ढकलणाऱ्याला झेपत नाही. बाकांना हात पाहिजेत, उठताना धरायला. ऑगस्ट 2022 पासून 75 वरच्यांना एसटी मोफत झाली, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे स्टँडवर आज बायका आणि वयस्कर माणसं पूर्वीपेक्षा जास्त आहेत, पण संडास पुरुषांच्या हिशोबानंच बांधले जातात. बायकांसाठी दुप्पट पाहिजेत, एक तरी कमोडचा, आणि ते चौकशी खिडकीच्या जवळ, उजेडात. कोपऱ्यात, गाड्यांच्या मागं बांधलेल्या संडासाला रात्री नऊनंतर कोण जाणार?

प्रश्न : 2027 च्या कुंभमेळ्यासाठी एवढा खर्च होतोय, त्यात हे हबचं काम बसवता येईल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : बसवता येईल, आणि नाही बसवलं तर ती संधी परत बारा वर्षांनी येणार. 2015 ला काय केलं होतं आठवतंय? बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या आणि तिथून आत एसटीच्या बस फिरवल्या. म्हणजे हबची सगळी कला आपल्याला येते, मोठ्या पाट्या, रांगा, ठराविक वेळानं सुटणाऱ्या गाड्या, उभं राहून माहिती देणारी माणसं, आपण फक्त पर्वणी झाली की ते सगळं गुंडाळून ठेवतो.

या वेळी वाहनतळ ठरवतानाच मुंबई-आग्रा रोड आणि पुणे रोडवरचा एकेक तरी कायमचा ठेवावा, काँक्रीट, पाणी, चार्जिंग आणि ड्रायव्हर-कंडक्टरसाठी झोपायला चांगली खोली असा. कुंभ संपला की सीबीएस आणि ठक्कर बाजारला रात्रभर उभ्या राहणाऱ्या मुक्कामी गाड्या तिकडं पाठवायच्या, सकाळी पहिल्या फेरीला थेट फलाटावर यायचं. मात्र ड्रायव्हर-कंडक्टरांना तिथून ये-जा करायला स्टाफची गाडी द्यावी लागेल, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा, नाहीतर दोन महिन्यांत सगळ्या गाड्या परत फलाटावर.