यजमानांच्या कपाळावरची आठी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक भगिनी लिहितात, "हे मनाने निर्मळ आहेत, पण नव्या माणसांपुढे यांचा चेहरा इतका ओढलेला असतो, की मुलाच्या शाळेतले पालक बोलायला बिचकतात. चेहऱ्यावरून माणसाची पारख करणाऱ्यांची आम्ही पर्वा का करावी?" पत्रात मुलाचे मराठी आणि सासऱ्यांचा आरोग्य विमा हेही प्रश्न आहेत, पण मला या पहिल्यावरच बोलायचे आहे.

ताई, तुमची चिडचिड समजते, तरीही पर्वा करायलाच हवी. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरे अगदी सेकंदाचा दहावा भागच दाखवले, आणि तेवढ्यात विश्वासूपणाविषयी बनलेले मत सावकाश पाहून दिलेल्या मताशी बरेचसे जुळले. जास्त वेळ मिळाल्यावर लोकांची स्वतःच्या मताविषयीची खात्री मात्र वाढली. पुढे 2008 मध्ये तिथेच असेही दिसले, की निर्विकार चेहऱ्यातसुद्धा पाहणारा भावना शोधतो: ओठांचे कोपरे किंचित वर असले की माणूस भरवशाचा वाटतो आणि भुवया नाकाकडे उतरलेल्या असल्या की रागीट, म्हणून धोक्याचा. अशी मते खरी ठरतातच असे मुळीच नाही, पण ती बनायची थांबत नाहीत.

माझे सासरे सांगलीत बँकेत कॅशियर होते. नोटा मोजताना हसणारा माणूस त्यांना उठवळ वाटे, आणि त्यांच्या त्या कोरड्या चेहऱ्यावरच खातेदारांचा भरवसा होता. यात नवल नाही; 44 समाजांची तुलना करणाऱ्या 2016 सालच्या एका अभ्यासात, जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे हसऱ्या माणसावरचा विश्वास कमी होतो, असे आढळले. तेच सासरे आमच्याकडे आले, तेव्हा शेजारीण बाईंना वाटले, की आजोबांना तिचा कुत्रा खपत नाही. माझ्या मुलीने त्यांना एवढेच शिकवले, की कोणी समोर आले की आधी भुवया उचलायच्या आणि मग मान हलवायची. त्या उन्हाळ्यात शेजारणीच्या परसातली झुकिनी आम्ही खाऊन कंटाळलो.

"खोटे हसणे यांना जमत नाही," असेही तुम्ही लिहिता. अहो, ते मागितले आहे कोणी? मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आक्रसतो, हे ड्युशेन या फ्रेंच वैद्याने 1862 मध्येच नोंदवले आहे, त्यामुळे ओढूनताणून हसणे बहुधा कळतेच. यजमानांनी शाळेच्या दाराशी फोन खिशात ठेवावा, मान वर करावी आणि पहिले अभिवादन स्वतः करावे. आणि रागावू नका, पण "मग मीच पुढे होऊन बोलते" ही तुमची सवय आधी सोडा, म्हणजे त्यांना तोंड उघडण्याची संधी तरी मिळेल.

मुलाशी घरात मराठीच बोला, उत्तर इंग्रजीत आले तरी. सासरे इकडे यायला निघण्यापूर्वीच त्यांचा विमा काढा आणि जुन्या आजारांविषयीचे कलम नीट वाचा. इमिग्रेशनच्या खिडकीशी मात्र त्यांना कागदांत डोके न खुपसता अधिकाऱ्याकडे बघून उभे राहायला सांगा, भुवया वर ठेवून.