खेड्यातल्या शाळेत मुलींसाठी शाळेनंतरचे विज्ञान-कला मंडळ कसे सुरू करावे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या गावी सहावी ते नववीच्या मुलींसाठी शाळा सुटल्यावर विज्ञान, यंत्रकाम आणि चित्रकला यांचे मंडळ सुरू केले तर पालक मुलींना थांबू देतील का, प्रयोगशाळा नसताना शिकवायचे काय, आणि मंडळात मुलग्यांनाही घ्यावे का. मी चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षे असे मंडळ चालवते आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एसटीच्या वेळापत्रकात आहे. मुलींना विज्ञानाची गोडी नसते, असे लोक सहज बोलून जातात. मी मात्र मुलींना प्रयोग अर्धा टाकून उठताना पाहिले आहे ते गाडी चुकेल या धास्तीने. पासवर येणाऱ्या मुलीची संध्याकाळची गाडी गेली की पुढची अंधार पडल्यावर येते, आणि एकदा मुलगी अंधारात घरी पोहोचली की दुसऱ्या दिवसापासून तिचे थांबणे बंद होते. यात आईवडिलांना दोष देता येत नाही. म्हणून कोणत्या गावची मुलगी कोणत्या गाडीने जाते हे आधी लिहून काढा आणि मंडळाची वेळ त्यावरून ठरवा. शाळा शनिवारी सकाळची असेल तर तोच दिवस उत्तम, कारण दुपारी निवांत वेळ मिळतो आणि मुली उजेडात घरी जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटेल. त्या मुलींची नावे कमी करू नका. वेचणी उरकली की त्या परत येतात.

शिकवायचे काय, याची चिंता केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने करू नये. ठिबकचेच पाहा. ज्या ड्रिपरमधून, म्हणजे नळीवरच्या थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीतून, ताशी चार लिटर पाणी पडायला हवे, त्याखाली भांडे ठेवले तर पंधरा मिनिटांत एक लिटर भरायला हवे. आमच्या मुलींनी शाळेजवळच्या बागेत, मालकाची परवानगी घेऊन, एकाच नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली मोजपात्रे ठेवली, तेव्हा शेवटच्या टोकाला पाणी स्पष्टपणे कमी भरले. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी ड्रिपरकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणाली, ‘हाई काय शे?’ तोंडावर पांढरा थर साचला होता. (मुलींना मंडळात घरची बोली बोलू द्या, प्रमाण भाषेच्या धाकाने निम्मे प्रश्न तोंडातच राहतात.) तो ड्रिपर आम्ही काढून आणला, मी पात्याने कापला आणि मुलींनी भिंगाखाली धरला. आतली नागमोडी वाट क्षारांनी बुजली होती. त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले आणि थर चुन्याच्या जातीचा असल्याचे कळले. आपले वडील ठिबकमधून मधूनमधून आम्ल का सोडतात, हेही मग वेगळे समजवावे लागले नाही. नळी लांबत जाते तसा घर्षणाने दाब घटतो, हे दुसरे कारण त्यांनी पुढच्या वेळी नव्या, स्वच्छ ड्रिपरवर मोजून वेगळे काढले.

यात चित्रकला कुठे आली, असे वाटेल. त्या कापलेल्या ड्रिपरचे वहीच्या पानभर मोठे चित्र प्रत्येकीने काढले, आणि पाणी नेमके कोणत्या वळणावर अडते हे बहुतेकींना चित्र काढतानाच दिसले. चित्रकलेचा तास विज्ञानाला जोडलेली शोभा म्हणून ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. अजिंठा जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथल्या भिंतींवरचे तांबडे आणि पिवळे रंग मुख्यतः खनिज मातीचे आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी आणि बाभळीचा डिंक घेऊन मुली स्वतः रंग घोटतात, तेव्हा डिंक कमी पडला की रंग वाळून का झडतो हे त्यांच्या बोटांना कळते.

२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. तेव्हा आकाश मोकळे असेल तर एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि तिची दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजा. आपल्याकडे ती बाराच्या ठोक्याला नव्हे, तर बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास पडते आणि सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. प्रमाणात त्रिकोण काढून काठीच्या वरच्या टोकाचा कोन मोजला की सुमारे २१ अंश येतो, आणि तेच आपले अक्षांश. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. आपल्या मातीत हे गणित केव्हापासून चालत आले आहे, ते मुलींना जरूर सांगा.

पैशाचे थोडक्यात सांगते. भिंगे, पकडी, पेचकस, मोजपात्रे आणि कागद एवढ्यावर वर्ष निघते. मुलींपैकी कोणाला चांगली कल्पना सुचली तर ती इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेमार्फत पाठवा. निवड झाल्यास विद्यार्थिनीच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात.

मुलग्यांविषयी माझे मत असे की निदान पहिले वर्ष मंडळ फक्त मुलींचे ठेवावे. मिश्र गटात पकड आणि पेचकस मुलग्यांच्या हाती जातात आणि अक्षर चांगले म्हणून वही मुलीकडे येते. शिक्षकाने टोकले तरी दहा मिनिटांत पुन्हा तेच होते. फक्त मुलीच असल्या की नळी कापणे, तार सोलणे, मोटारीचा जुना स्टार्टर खोलणे हे सारे त्यांनाच करावे लागते. मुलग्यांना यायचे असेल तर त्यांचा गट वेगळ्या दिवशी घ्या, आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही गट एकत्र करताना अवजारे वाटण्याचे काम जुन्या मुलींकडे द्या.