मेडिक्लेममधून श्रवणयंत्राचे पैसे मिळतात का?

परभणीहून तुम्ही विचारलंय की आईचा मेडिक्लेम आहे, त्यातून कानाच्या मशीनचे पैसे मिळतील का. बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. चष्मा, लेन्स, श्रवणयंत्र हा खर्च त्या सरळ वगळतात. ओपीडीचं, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचं, वेगळं कव्हर घेतलं असेल तर कदाचित मिळतील, पण पॉलिसीचं पुस्तक उघडून 'वगळलेल्या बाबी' हे पान आधी वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर अजिबात जाऊ नका. आमच्या अण्णांच्या वेळी मी तीच चूक केली. मशीन घेतलं, बिल लावलं आणि क्लेम परत आला. फार वाईट वाटलं, कारण ते पैसे सोयाबीन विकून आलेल्या पट्टीचे होते.

तुमच्यासाठी सरकारी वाट बरी. आईचं वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये एकरकमी थेट खात्यात येतात. त्यात श्रवणयंत्र बसतं. खातं आधारशी जोडलेलं हवं. चौकशी समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात करा. एवढ्यात चांगलं डिजिटल मशीन येत नाही, पण हातभार लागतो. ऐकू येणं फारच कमी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं तर केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नानुसार मशीन मोफत किंवा सवलतीत मिळतं.

आणि काहीही करण्याआधी कान तपासून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. अण्णांच्या एका कानात नुसता मळच घट्ट बसला होता.